रिकामं सूप

माय, तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली. आज तुझ्या बाजूनं भांडायला मी उठले होते, आणि न भांडताच खाली बसले. ते कसं झालं, हे तुलाच सांगायला हवं.

गुलबर्ग्यात आमच्या कॉलनीच्या सभागृहात साठी ओलांडलेल्यांचा व्यायामाचा वर्ग भरतो. जिना दिसला की माझे गुडघे कुरकुरतात, म्हणून गेला महिनाभर मीही जाते आहे. शिकवणारा तिशीतला, नम्र मुलगा आहे, कन्नडमधून शिकवतो. हात वर नेताना श्वास घ्या, खाली आणताना सोडा. लक्ष बेंबीखाली ठेवा, तिथली ऊर्जा पायांत उतरू द्या. नुसते हातपाय हलवले तर उतारवयात अंग झिजतं, लक्ष घालून हलवले तर ते साथ देतं. शब्द मोठे होते, पण मला खोटे वाटले नाहीत. दोन्ही हात छातीसमोर धरायचे, वर झटकायचे, झेलायचे. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, मी पाखडते आहे.

डाळीच्या गिरणीतली ती पत्र्याची शेड. शाळा सुटल्यावर मी तिथं येऊन पोत्यावर बसते. तुम्ही बाया ओळीनं तूर पाखडताय, सगळ्यांची सुपं वेगवेगळी वाजतात, तुझं मात्र एका लयीत. वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर. एकदा तुला मदत म्हणून मी भरलेलं टोपलं उचलायला जाते आणि पाठीत तुझा धपाटा बसतो. "दम कोंडून कामून उचलायलीस? आदी दम सोड, मंग उचल. ओझं टोपल्याचं नसतंय, कोंडलेल्या दमाचं असतंय."

पुढे गिरणीत यंत्रं आली आणि तुम्हाला घरी बसवलं. तू बसली नाहीस. रोज सकाळी अंगणात उभी राहून रिकामं सूप पाखडायचीस. शेजारीण कुंपणावरून म्हणायची, "अक्का, रिकामं सूप हलवू न्हाई, घराला बरं नसतंय. अन् पाखडायलीस तरी काय, वारं?"

"वारंच की. आत जायलंय ते दाणे, बाहेर यायलंय तो कोंडा."

मी दारात पुस्तक घेऊन उभी असायचे, शरमेनं. "माय, आत ये. लोक हसायलेत."

"हसू दे. हसताना दम सुटतोय, त्यांचा बी व्यायाम होतोय."

आज वर्गात एका निवृत्त इंजिनिअरनं विचारलं, की आमच्या आईबापांनी कुठं असले व्यायाम केले होते? मुलगा म्हणाला, "त्यांचे ते कष्ट होते. कष्टकऱ्याचं अंग राबतं, मन झोपलेलं असतं. म्हणून त्यांच्या वाट्याला झीज तेवढी आली."

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. घाम गाळणाऱ्याला मन नसतं, हे कुणी ठरवलं? ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांनी. त्यांनी आम्हाला पाणवठ्यावरून हाकललं, शाळेच्या ओट्यावरून हाकललं, आणि आता आमचा श्वासही आमचा नव्हता म्हणायचं? तीच पाखडण, सुपातली तूर काढली, मग सूपही काढून घेतलं, आणि उरलेले हात पंख्याखाली हलवले की ती साधना. तू आयुष्यभर केलंस ती मात्र झीज. तुझ्यासारख्या हजारोंनी पाठीला, गुडघ्याला, फुप्फुसाला सांभाळून घेण्याची एक विद्या घडवली. त्या विद्येला नाव दिलं नाही, कारण तुम्हाला नाव विचारायला कुणी आलंच नाही. हे सगळं मला बोलायचं होतं. चाळीस वर्षं व्यासपीठावर काढली आहेत मी, मला शब्द शोधावे लागत नाहीत. मी उभी राहिले आणि विचारलं, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्यानं हात जोडले. "मॅडम, तुम्हीच. कॉलेजात तुमचं भाषण ऐकलं होतं. ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय."

सगळे माझ्याकडे वळले. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या.

वाक्य माझंच होतं, माय. पहिल्यांदा ते तुझ्याच माहेरी, मंठाळच्या विहारासमोर म्हटलं होतं. आमच्या आयांचं अंग राबलं, मन मात्र झोपलेलं राहिलं. तू पहिल्या रांगेत पांढरं लुगडं नेसून बसलेली, आणि तूही टाळ्या वाजवल्यास. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापताना म्हणालीस, "भाषण चांगलं झालं गं. आवाज पार वेशीपर्यंत गेला. पर बाई, मी झोपले नव्हते."

मी हसले. "माय, ते तुझ्याबद्दल नव्हतं. भाषणात तसं बोलावं लागतंय."

"व्हय का. मंग माझ्याकडं हात कामून केलीस?" असं म्हणून तू भाकरी उलटलीस, आणि विषय संपला. तुझ्यासाठी संपला असेल. मी ते वाक्य पुढं गावोगाव नेलं, कारण त्याला टाळी हमखास यायची. आवाज कुठं कमावला असं लोक विचारत तेव्हा मी पुस्तकं सांगत आले. शेडमधला धपाटा कधी सांगितला नाही.

आज त्या टाळ्या थांबवून म्हणता आलं असतं की वाक्य चूक आहे. मी नमस्कार केला आणि बसले. उद्या त्या मुलाला सांगेन असं इथं लिहीत नाही. माझी भाषणं तुला ठाऊक आहेत.

तुझं सूप मी दिवाणखान्यात भिंतीवर लावलं आहे. आल्यागेल्याला 'आईच्या कष्टांची खूण' म्हणून दाखवते. आज घरी आल्यावर ते खाली काढलं, धूळ पुसली आणि पाखडलं. आत घेताना दाणे, सोडताना कोंडा. दहाव्या झटक्याला खांदे सैल झाले, विसाव्याला गुडघे विसरले. आता हा कागद त्यातच ठेवते.

एक राहिलं. सूप हातात घेण्याआधी मी दार लावलं होतं, आणि खिडकीचा पडदाही ओढला होता.