कोजागिरीचा ग्रॅनोला

चंदे माये,

हे पत्र तुले अमरावतीले धाडायची हिंमत नाही, तरी लिहून राहिली.

कोजागिरी आली म्हणून तू फोनवर सांगितला तसा ग्रॅनोला केला. ओट्स, कोहळ्याच्या बिया, गूळ, दालचिनी, सुंठ, सगळं कढईत मंद आचेवर भाजलं. तू बजावलं होतं, "आई, बाबाले अक्रोड चालत नाही." मले वाटलं, चार अक्रोड बारीक कुटून घातले तर काय होते? चव तरी येईल.

बाबांनी मूठभर खाल्ला अन् त्याईचे ओठ सुजले, छाती घरघरू लागली. ऑटोत मी त्याईचा हात धरून बसली होती. दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं विचारलं, "काय खाल्लं?" मी म्हटलं, "काही नाही." चंदे, मले माह्याच चुकीचं भेव वाटलं. बाबा डोळे फाडून माह्याकडे पाहून राहिले होते. तवा मी ओरडली, "अक्रोड! मीच घातले!" मंग इंजेक्शन दिलं अन् हळूहळू श्वास मोकळा झाला.

आता ते बरे आहेत. तुहा फोन आला तवा त्याईनंच सांगितलं, "पित्त झालं होतं." मी बाजूलेच उभी होती. आताही ते जेवाले बसले की मी घास विसरून त्याईच्या ओठाकडेच पाहत राहते.

तुही आई