आत्यांचे ठोके

२ डिसेंबर २०२४, पिंपळी

बेचाळीस!

दोनदा मोजले. आधी वाटलं माझंच चुकलं — थंडीनं बोटं बधिर झाली होती. पुन्हा मोजले, उठायच्या आधी, अंथरुणातच, पूर्ण मिनिटभर. बेचाळीसच. मी जिल्ह्याकडून पंधराशे मीटर पळायचे तेव्हासुद्धा माझी नाडी बावन्नच्या खाली कधी आली नाही. आणि या बाईची बेचाळीस! जन्मात मैदानाचं तोंड न पाहिलेली, चोपन्न वर्षांची अनुपची आई. माझ्या सासूबाई. आत्या म्हणते मी त्यांना.

निमित्त शाळेचं. खेळाच्या तासाला मुलींना सकाळची नाडी मोजायला शिकवायची, म्हणून घरात हात साफ करत होते. नवऱ्याची झाली — बहात्तर, कंपनीत बसून काम करणाऱ्या माणसाची असावी तशी. मग सहज आत्यांचं मनगट धरलं.

बी.पी.एड.ला शिकलो होतो — विश्रांतीतली नाडी जितकी संथ, तितकं हृदय दमदार. एका ठोक्यात भरपूर रक्त ढकलतं, म्हणून घाई करत नाही. लांब पल्ल्याच्या खेळाडूंची असते अशी. कुणाकुणाला जन्मतःच मिळते म्हणे.

"आत्या, तुमचं काळीज खेळाडूचं आहे!"

"आसंल. हात सोड आता, चहाला उशीर झाला."

शाळेत दिवसभर शिट्टी तोंडात धरून उभी होते. फुंकायचं विसरले. मुली खिदळत होत्या.

४ डिसेंबर

इंदापूरला सावित्रीबाईंच्या जयंतीला बायकांची चालण्याची शर्यत आहे. पाच किलोमीटर. पन्नाशीच्या पुढच्यांचा वेगळा गट! शाळेत पत्रक आलं आणि माझ्या अंगावर काटाच आला.

जेवताना विषय काढला. अनुपला ठसका लागला. "आई? शर्यतीत?" आत्या भाकरी मोडत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "साडी नेसून येऊ देत्यात का?"

म्हणजे हो!

माझा डावा गुडघा चार वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून रेषेवर उभं राहिल्याची स्वप्नं पडतात — बंदूक वाजतच नाही, मी आपली तशीच वाकून उभी. काल स्वप्नात त्या रेषेवर आत्या होत्या. मला जिंकायचंय. त्यांच्या पायांनी का होईना, जिंकायचंय. लिहायला लाज वाटते, पण खरं ते खरं.

६ डिसेंबर

आज चालणं नाही. सगळे विहारात. आत्या पांढऱ्या साडीत, डोळे मिटून, अगदी शांत. वंदना चालू असताना मी त्यांच्या मानेवरची शीर बघत होते. कसली मी!

८ डिसेंबर

कालव्याच्या कडेनं. पाण्यावर वाफ. पलीकडचा ऊस दिसतच नव्हता, नुसती सळसळ ऐकू येत होती. आत्या नव्या बुटांत, पदर खोचून. बूट अनुपनं आणले, मोज्यांचा रंग त्यांनी स्वतः निवडला — लालभडक.

त्यांना सांगितलं, पहिला आठवडा फक्त सवय. भार हळूहळू वाढवायचा, एकदम वाढवला की शरीर रुसतं. आणि वेग एवढाच ठेवायचा की बोलता आलं पाहिजे. "मग बोलू का?" म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत बोलल्या! बावड्याचं माहेर, दारातली चिंच, भावानं लपवून ठेवलेली सायकल, ती चोरून शिकताना फुटलेलं कोपर... पाच वर्षं या घरात आहे, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

आणि चाल काय सुंदर आहे! डोकं हलत नाही. भरलेली घागर ठेवली तरी डचमळायची नाही.

१२ डिसेंबर

चाळीस! उतरली! शरीर जुळवून घेतंय, शिकवलं होतं तस्सं. आणि चालून आल्यावरही फारशी चढत नाही.

अनुप म्हणाला, "एवढी कमी बरी असते का गं? एकदा दाखवू या का कुणाला?" त्याला अर्धा तास व्याख्यान दिलं. भार, विश्रांती, सातत्य, माणसागणिक फरक. शेवटी हात जोडून उठला बिचारा.

आत्यांनी गल्लीभर सांगितलंय. दूध घालायला गेल्या तर डेअरीवाल्याला म्हणे, "माझं काळीज खेळाडूचं हाय. सुनंनं मोजलंय." आता संध्याकाळी बायका मनगटं पुढं करून ओट्यावर बसतात. कुणाची सत्तर, कुणाची ऐंशी. आत्या शेंगा फोडत बाजूला बसतात आणि गालातल्या गालात हसतात. त्यांना इतकं खुशीत मी पाहिलंच नव्हतं कधी.

१५ डिसेंबर

परत आल्यावर आत्या ओट्याच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. "डोळ्यापुढं अंधारी आली गं." मी हसले. "एकदम थांबायचं नाही, आत्या! वेग हळूहळू उतरवायचा. किती वेळा सांगू?" लिंबू, मीठ, साखर घालून पाणी दिलं. उद्या सुट्टी. विश्रांतीतच ताकद भरते.

२० डिसेंबर

आजची सकाळ जपून ठेवावी अशी.

धुकं एवढं दाट की कालवा गेला, रस्ता गेला, आमच्या दोघींचे पायसुद्धा गेले. आत्यांचे तेवढे लाल मोजे मधूनच दिसायचे आणि पुन्हा विरायचे. त्या बोलायच्या थांबल्या होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "करुणा, पाय माझं न्हाईतच आसं वाटतंय. ढगावरनं चालल्यागत हाय."

हसता हसता मला रडूच आलं. मला माहीत आहे ते! तिसऱ्या फेरीत यायचं. शरीर मागं राहतं आणि आपण नुसतेच पुढं जातो, कशाचंच वजन नाही. वर्षानुवर्षं घाम गाळून मला चारदोनदा मिळालं असेल. त्यांना दोन आठवड्यांत! मी त्यांचा हात हातात घेतला. गार होता. तशाच चालत राहिलो. उसाची ट्रॉली शेजारून गेली, तर तिचा आवाजसुद्धा दुसऱ्याच कुठल्या गावातून आल्यासारखा वाटला.

आम्ही कुठंच पोचलो नसतो तरी मला हरकत नव्हती.

२४ डिसेंबर

वडगाव निंबाळकरच्या कौसल्याबाई गेली दोन वर्षं पहिल्या येतात. लांब ढांगा टाकतात, म्हणे. आत्यांना सांगितलं. "येऊ दे की. तिचं किती ठोकं?" पोट धरधरून हसलो.

२८ डिसेंबर

आता भार कमी. शर्यतीआधी शरीराला मोकळं सोडायचं, म्हणजे ते ताजंतवानं उभं राहतं. शेवटच्या आठवड्याचं खरं शिक्षण हेच. उतावीळ खेळाडूंना जमत नाही. मला कधी जमलं नाही.

आत्यांना जमतंय. मटकी निवडता निवडता त्यांची मान कलली. "लई झोप येती गं. चालता चालता बी येती. समदं लांब लांब दिसतंय."

"छान लक्षण आहे," मी हसून म्हटलं. "मोठमोठे खेळाडू असेच पेंगतात!" अंगावर शाल टाकली. झोपेत चेहरा किती लहान दिसतो त्यांचा. सायकल चोरणारी मुलगी दिसली मला.

नाडी अडतीस. एवढी मी फक्त वाचली होती.

३१ डिसेंबर

काहीच नाही केलं. दोघींनी उन्हात बसून बोरं खाल्ली.

२ जानेवारी २०२५, बावडा

आत्यांच्या भावाकडे मुक्काम. इथून इंदापूर जवळ. मामा दारातच, "अक्के, ह्या वयात पळायला निघालीस व्हय!" "चालायला," आत्या म्हणाल्या. "पळत्याती ती येगळी."

दिवेलागणीला अंगणात बसलो होतो. मी न मागताच त्यांनी हात पुढं केला. मोजली नाही, नुसती बोटं ठेवून बसले. एक ठोका. मग इतका वेळ काहीच नाही, की मला वाटलं माझीच डुलकी लागली. मग पुढचा. त्या मधल्या शांततेत सगळं मावत होतं — अंगण, गोठ्यातलं रवंथ, लांब कुठंतरी चाललेली मोटर.

"करुणा," त्या म्हणाल्या, "एवढं वय झालं, माझ्यात कायतरी येगळं हाय आसं कुणी म्हनलं न्हवतं. तू म्हनलीस."

फार आवडतात मला त्या. आजवर लिहिलं नव्हतं, आज लिहिते.

"आन् हारले तर रडायचं न्हाय," वर मलाच दम!

३ जानेवारी, इंदापूर, सकाळ

हिरवी साडी, छातीवर क्रमांक. रेषेवर उभ्या आहेत. गर्दीतून मला शोधून हात केला. जा, आत्या!

४ जानेवारी, बारामती, दवाखाना

काल वळणापर्यंत आत्याच पुढं होत्या. कौसल्याबाईंच्याही पुढं. मग रस्त्याच्या कडेला आल्या, कुणी हाक मारल्यासारख्या हसल्या, खाली बसल्या आणि आडव्या झाल्या.

खेळाडूचं काळीज नव्हतं ते. आजारी होतं. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा इशारा खालच्या कप्प्याला पोचतच नव्हता, म्हणून ठोके संथ. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. उद्या छातीत यंत्र बसवणार. वाचल्या.

"चक्कर, अंधारी, सुस्ती — आधीपासून असणारच," डॉक्टर म्हणाले. "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

अनुपनं माझ्याकडं बघितलं.

आत्यांनी डोळे उघडले नाहीत. "व्हतं की. पर मी घरात कुणाला सांगितलंच न्हाय, डाक्टर. पोरीला काय बोलू नका."

तीनदा सांगितलं होतं. मला.