शेंदराखालचा नंबर

मलकापूर, ६ जुलै २०२५

तीर्थरूप आबांच्या चरणी समीक्षाचा सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि माझ्या ओरडण्याने अख्खं हॉस्टेल जागं होतं, म्हणून पत्र. आबा, आपल्या गोठ्यातली स्टुडबेकर मोटार चालू होईल! कराडचे नाथाजी मिस्त्री परवा माझ्याबरोबर येऊन गेले ना, ते म्हणतात, इंजिन धड आहे, फक्त काही भाग हवेत.

ते भाग अमेरिकेतल्या स्टुडबेकरप्रेमींकडे मिळतात. मी रात्रंदिवस या कंपनीचंच वाचतेय. मूळचे हे स्टुडबेकर भाऊ लोहार, घोड्यांचे गाडे बनवायचे. एका भावाने सोन्याच्या खाणीवाल्यांना हातगाड्या करून विकल्या आणि ते पैसे धंद्यात घातले. पुढे मोटारी. चॅम्पियन, कमांडर, शेवटी शेवटी अवान्ती. आपली चॅम्पियन, विमानासारख्या नाकाची. १९६६ साली कंपनीच्या मोटारी बंद झाल्या, पण तिच्यावर जीव टाकणारे अजून आहेत.

अडचण एकच. भाग दरवर्षी बदलत गेले, त्यामुळे नंबर कळवल्याशिवाय ते काही पाठवत नाहीत. नंबराची पट्टी गाडीच्या दाराच्या खांबावर आहे, म्हणजे तुमच्या शेंदराखाली. खरवडू का? रविराजकाकांनी दसऱ्यापर्यंतचीच मुदत दिलीय, नंतर गाडी भंगारात. लवकर कळवा.

आजीला नमस्कार. रागावलात तरी माया कमी करू नका.
तुमची समीक्षा

आटपाडी, १४ जुलै

चि. समीक्षा हिस आबा ज्योतिबाचे अनेक आशीर्वाद.

खरवडायचं नाव काढू नकोस. सांगलीच्या डॉक्टरांनी नवी मोटार घेतली तेव्हा ही आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे माझ्या बापाला दिली. पहिल्या दसऱ्याला बापाने त्या पट्टीला देव मानून शेंदूर लावला. पुढे साठ वर्षं मी लावतोय. तळाचा थर बापाच्या हातचा आहे, त्याला पत्रा लावून खरवडशील?

गाडेवाल्या लोहारांचं मात्र आवडलं. तीनदा वाचलं. गाडी भंगारात गेली तर मला जेवण जाणार नाही, हेही खरं. रविराज म्हणतो, शेळ्यांना जागा न्हाई आन् हिला कशाला पोसायची.

अभ्यास कर. आमचा जीव तुझ्यात आहेच.
ज्योतिबा

आटपाडी, ३ ऑगस्ट

चि. समीक्षा हिस आशीर्वाद.

तुझ्या आजीने वाट काढली. मनुबाई म्हणाली, आवं, माळावरच्या म्हसोबाचा शेंदूर जड होऊन खोळ निघाली तवा आपण काय केलं? वाजतगाजत पाण्यात सोडली आन् देवाला नवा शेंदूर लावला. देव काय गेला न्हाई.

मला हे सुचू नये! काल सकाळी नारळ फोडला, खोबरेल कोमट करून पट्टीवर सोडलं आणि बोटांनीच हलवत बसलो. दुपारी अख्खी खोळ हातात आली, भाकरीएवढी जाड. खाली पट्टी लख्ख! गंजाचा ठिपका नाही. नंबर रविराजने वेगळ्या कागदावर उतरून दिलाय, दोनदा ताडून. खोळ तलावात सोडताना मात्र मला रडू आलं.

आता तुझे भाग मागव.
ज्योतिबा

मलकापूर, १० ऑगस्ट

तीर्थरूप आबांस सा. नमस्कार. वि. वि.

आबा, मी हॉस्टेलच्या जिन्यात नाचले! भाग निघाले तिकडून. आणि गंज का नाही, माहितीय? जुन्या शेंदरात शिसं असायचं. लोखंडाला रंग देण्याआधी तसलाच लाल लेप गंज धरू नये म्हणून लावायचे. तुम्ही बापलेकांनी पूजा करता करता नंबर सांभाळलात. पण शिसं विषारी असतं, हात नीट धुतलेत ना? सप्टेंबरात मिस्त्रींना घेऊन येते. नंतर परीक्षा, त्यामुळे दसरा चुकणार, त्याचं वाईट वाटतं.
समीक्षा

आटपाडी, ३ ऑक्टोबर

चि. समीक्षा हिस उदंड आशीर्वाद.

तू मिस्त्रींबरोबर सगळं बसवून गेलीस, तरी मला भरवसा नव्हता. काल दसऱ्याला मिस्त्री आले, दारातून वाकूनच चालू करून बघितली. गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा धरली! अंगणभर धूर, शेळ्या पळाल्या, मनुबाई पदराने डोळे पुसतेय. आणि तिला भंगारात घालायला निघालेला तुझा काका गल्लीभर सांगत सुटला, लय भारी गाडी हाय आमची.

तो चालवायला बसायला गेला. मी दार धरलं. बाप गेल्यापासून त्या जागेवर कुणी बसलेलं नाही. मला मेंढरांपायी चालवायला शिकता आलं नाही, म्हणून मीही बसलो नाही. रविराजला म्हटलं, मागे बस.

मिस्त्रींनाही तिथे बसू दिलं नाही. इंजिन बंद करायला लावलं, गाडी अंगणातच उभी आहे. परीक्षा संपली की ये. बापाच्या जागेवर तू बस, मी शेजारी बसतो.

वाट बघतोय.
तुझा आबा