सुपातली तूर आणि रविवारचं विमान

प्रिय शिवरंजनी,

अप्पानं पत्र लिहिलं म्हणून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. हातात फोन असताना या माणसाला कागद कशाला लागला असं तुला वाटेल, पण त्याला कारण आहे. ते शेवटी सांगतो.

आधी बातमी. मामाच्या वीरभद्रचं लग्न झालं. मुलगी बसवकल्याणची, चांगली हसरी आहे. लग्नानंतर चन्नबसप्पामामा स्वतः जळकोटला जेवायला आला. तू त्याच्या पोराला नाही म्हणालीस तेव्हापासून त्यानं आपला उंबरा ओलांडला नव्हता. पुरणाची पोळी मोडता मोडता म्हणाला, "रंजी कशी हाय? येती का न्हाय गावाकडं?" मी तुझ्या अव्वाकडं बघितलं. ती तूप आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. तूप तर ताटाशेजारीच होतं.

तिचंही मला कळतं गं. भावाला तिनं शब्द दिला होता, तुझ्या जन्मापासूनच दिला होता म्हण. आपल्याकडं मामाच्या घरात मुलगी देणं म्हणजे विचारायचीसुद्धा गोष्ट नसते. तू विचारलंस, आणि बरंच केलंस, हे मी तेव्हाही म्हणालो होतो. पण तिचं माहेर तुटलं आणि तिनं तुझा फोन घेणं सोडलं. मग उरलो मी. आपलं बोलणं तरी काय व्हायचं? जेवलीस का, जेवले. पाऊस हाय का, न्हाय. बरं ठेवतो. फोन ठेवला की मी आपल्या दुकानातल्या शेतीच्या पाइपांकडं बघत बसायचो. इतकी वाट बघून एवढंच बोललो का, असं वाटायचं.

म्हणून तू म्हणालीस, "अप्पा, माझा कम्प्युटर तसाच हाय ना? बसा, विमानाचा खेळ शिकवते, इथनं मी, तिथनं तुम्ही," तेव्हा मला विमानाची हौस नव्हती, हे आता सांगून टाकतो. मला दर रविवारी तुझा तास-दीड तास हवा होता. तू कुरिअरनं तो विमान वळवायचा दांडा पाठवलास. गल्लीतली माणसं अजून विचारतात, ह्या वयात काय चालवता? मी सांगतो, बाँबफेकी विमान. त्यावर कुणी पुढं काही विचारत नाही.

उडणं जमलं, उतरणंही कसंबसं जमलं, पण जमिनीवरच्या हल्ल्याच्या मोहिमा सुरू झाल्या आणि माझी पार दैना झाली. ट्रक दिसले की ट्रककडं, तोफ दिसली की तोफेकडं, मधेच पूल. तू म्हणालीस, सगळं एकदम नको, निघायच्या आधी नकाशा बघा, एकच निशाण ठरवा. नदीचं वळण खुणेला धरायचं. ते वळण अगदी नळदुर्गाजवळच्या बोरी नदीसारखं आहे, म्हणून मला लगेच पाठ झालं. टेकडीच्या आडोशानं खालून यायचं, टेकडी सरली की वर चढायचं, निशाण दिसलं की नाक खाली, बाँब सोडायचा आणि थेट घरी.

पण दुकान टाकलं तरी हाडाचा शेतकरी कुठं सुधारतो? बाँब टाकून मी टोकाला वळायचो आणि त्याच रेघेला लागून परत यायचो. तिकडं तोफवाले माझीच वाट बघत बसलेले. कितीदा पडलो! शेवटी तू ओरडलीस, "अप्पा, कुळवाची पाळी घालताय व्हय? एकदा गेलात की गेलात!" मी इतका हसलो की विमान टेकडीला धडकलं.

आणि दुसरी खोड म्हणजे निशाणाकडं बघत राहायचं. तू किती वेळा बजावलंस, ट्रककडं टक लावून बसू नका, जमीन कधी जवळ येते कळत नाही. मला ते समजतं. पण मी जिच्याकडं बघतो तिच्याकडंच बघत बसतो, ही सवय जुनी आहे. तू म्हणतेस, "मी तुमच्या डावीकडं हाय, बघा." मी डावीकडं बघतो, तर तुझं एवढंसं विमान पंख हलवत असतं. तेव्हा फार आठवण येते. तुझ्याच खोलीत, तुझ्याच खुर्चीत बसून तुझी आठवण येते, आता बोल.

आता मागच्या रविवारचं. मी ट्रकवर नाक धरलं आणि नेहमीसारखा बघत राहिलो. तू तुझ्या तोफेच्या मागं होतीस. जमीन वर येत होती आणि मला पत्ता नव्हता. तेवढ्यात पाठीमागून किंकाळी आली, "म्याल एत्री! अवो, वर घ्या की!" मी दांडा खेचला. विमान झाडांवरून घासत सुटलं.  मग हळूच विचारलंस, "अप्पा, कोण होतं?" मी म्हणालो, टीव्ही. घरी येईपर्यंत तू फक्त उंची सांगत होतीस, आणि तुझा आवाज बरा नव्हता.

रंजे, तो टीव्ही नव्हता. घाबरली की कानडी कोण बोलतं हे तुला मी सांगायला नको. सुरुवातीला मी कानाला तो पट्टा लावायचो. एका रविवारी अव्वा म्हणाली, "ते काढा, कान खराब व्हतील." तेव्हापासून तुझा आवाज खोलीभर असतो आणि ती माझ्यामागं सूप घेऊन तूर निवडत बसते. घरातली तूर कधीच निवडून झाली. निवडलेलीच परत निवडते. त्या दिवशी सूप उलटलं, तर जमिनीवरचे दाणे वेचता वेचता म्हणाली, "पोरगी खोकत हुती." मला ऐकू आलं नव्हतं.

हे फोनवर सांगता येत नाही, कारण फोनवरही ती कान देऊन असते. म्हणून कागद. येत्या रविवारी नकाशा, निशाण काही काढू नकोस. आधी अव्वा म्हणून एक हाक मार. ती बोलणार नाही, सूप जोरात पाखडेल. तू परत हाक मार. मी तोवर विमान वर नेलेलं असेल, पण तिनं ओ दिली की मी खुर्चीतून उठणार आहे आणि तिला तिथं बसवणार आहे. विमान पडलं तर पडू दे.

तुझ्या उजवीकडचा, तुझाच
अप्पा