बारवेवरची बाई

उमरगा, ९ सप्टेंबर २०२४

ती. तात्यांस,

दीपमालाचा सा. न. तुमच्या चष्म्याला आणि चिडचिडीलाही. फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मेसेजमधलं माझं शुद्धलेखन बघून तुमच्यातला छापखानेवाला खवळतो. म्हणून नातीचं हे पत्र.

शाळेत नवा उद्योग काढलाय. आमचे हेडमास्तर शरणबसप्पा सर यांना रझाकारांच्या काळातली, इथंच आसपास घेतलेली आठ मिनिटांची मुकी फिल्म मिळाली. सातवीला मी ती वर्गाच्या भिंतीवर दाखवते आणि त्यातल्या माणसांचे संवाद पोरांना लिहायला लावते. इतिहासही होतो, मराठीही. टांगेवाल्याच्या तोंडी तेवीस पोरांनी तेवीस तऱ्हेच्या शिव्या घातल्या, बघा! पण बारवेच्या पायऱ्यांवर घागर घेऊन एक बाई उभी आहे, तिच्यासाठी तेवीस जणांनी एकच वाक्य लिहिलं की किसना, पळ, माझी वाट बघू नगंस. कॉपी केली म्हणून मी चांगलीच झापली. दुसऱ्या दिवशी लांब लांब बसवलं, तरी पुन्हा तेच. निघाली की नाही पोरं तुमच्यासारखीच हट्टी?

गुडघ्याला तेल लावत जा. शिवराजदादा नि दीपालीवहिनींना नमस्कार. माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
दीपमाला

कळंब, १३ सप्टेंबर

चि. दीपमालास अनेक आशीर्वाद.

पत्रात चार चुका आहेत, पण या खेपेला माफ. अक्षर सांभाळून घे.

जे तुझ्या आजीलाही सांगितलं नाही ते सांगतो. आम्ही तेव्हा उमरग्याजवळच राहायचो, मी सहा वर्षांचा होतो. श्रावणात ताप आला आणि माझे कान गेले. भादव्यात रझाकार आल्याची आवई उठली. माझी आई, अयोध्या, बारवेवर पाण्याला गेली होती. मी वर काठावर. तिनं माझ्याकडं बघून काहीतरी म्हटलं. ओठ वाचायला मी पुढं शिकलो गं, तेव्हा येत नव्हतं. मी भ्यालो आणि पळालो. आई पुन्हा कुणाला दिसली नाही. मामानं मला कळंबला आणलं.

ती थांब म्हणाली असेल, हात दे म्हणाली असेल, आणि मी तिला टाकून आलो, हेच शहात्तर वर्षं उराशी आहे. मला तेव्हा घरात किसनाच म्हणत. हे तुझ्या पोरांना कुणी सांगितलं? ती फिल्म शिवराजच्या मोबाइलवर पाठव. मला तिचे ओठ बघायचेत. मरायच्या आधी एवढं कळू दे.

लोभ कमी करू नकोस.

तुझा,
तात्या

उमरगा, १७ सप्टेंबर

ती. तात्यांस,

सा. न. तुमचं पत्र वाचून शाळेच्या ओसरीवरच रडले. एवढं एकट्यानं का हो सोसलंत?

फिल्म पाठवत नाही, कारण पाठवण्यासारखं त्यात काही नाही. संगणकावर बघितली, मोबाइलवर घेतली, सरांनाही दाखवली. बारव आहे, पायऱ्या आहेत, बाई नाही. वर्गात पोरं बसली की मात्र भिंतीवर ती असते. मलाही दिसते. पहिल्या दिवशी ती पाण्याजवळ होती. काल निम्म्या पायऱ्या चढून आली होती, आणि घागर हातात नव्हती. तात्या, फिल्म तीच आहे हो!

कालचे कागद वाचून माझ्या अंगावर काटा आला. सगळ्यांनी लिहिलंय की किसना म्हातारा झाला आसंल, त्याला घिऊन या. शिवांजली नावाची पोरगी विचारत होती की बारवेवरच्या बाई आपल्याकडंच का बघतात. मी फिल्म बंद केलीय. तुम्ही येऊ नका. मला भीती वाटते. रागावू नका, पण ऐका.

तुमची,
दीपमाला

कळंब, २० सप्टेंबर

चि. दीपमालास आशीर्वाद.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं निघतो. शिवराज उमरग्यापर्यंत सोडायला येईल. आईनं बोलावलंय आणि मी नातीचं ऐकून घरी बसू? पोरांना बसवून ठेव. मलाही एक कागद दे.

तात्या

कळंब, २५ सप्टेंबर

चि. दीपमालास अनेक आशीर्वाद.

काल फिल्म संपली तेव्हा तू पोरांचे कागद गोळा केलेस आणि सगळे कोरे निघाले. त्या बाई आज बोलल्याच नाहीत, असं पोरं म्हणाली. तू माझा कागद मागितलास, मी घडी करून खिशात घातला. तुला वाईट वाटलं, मला दिसलं. म्हणून लिहितो.

ती वरच्या पायरीवर होती, अगदी भिंतीच्या काठाशी. मी ओठ बघायला पुढं वाकलो, पण गरजच पडली नाही. दीपे, मला ऐकू आलं! शहात्तर वर्षांत पहिल्यांदा आवाज ऐकला, आणि तो तिचा. मी मनातल्या मनात म्हटलं की आये, म्या तुला टाकून पळालो. ती म्हणाली की व्हय, म्याच सांगितलं हुतं, माजं ऐकलंस, लई ब्येस केलंस. तेवढंच मी कागदावर लिहिलंय. कागद माझ्याजवळच राहू दे.

आता फिल्म खुशाल दाखव, ती त्यात नसेल. परतीच्या गाडीत शेजारच्या सीटवर मी कुणाला बसू दिलं नाही. शिवराजला वाटलं, म्हाताऱ्याचा गुडघा दुखत असेल. घरी आलो तर दीपालीनं दार उघडलं, माझ्या मागं बघून डोक्यावर पदर घेतला आणि विचारलं की तात्या, या कोण, यांचं लुगडं एवढं ओलं कसं. मी सांगितलं की माझी आई आहे, आधी तिला कोरडं काहीतरी नेसायला दे.

आमच्या दोघांचे आशीर्वाद.

तुझा,
तात्या