तिसऱ्या नंबराची हकीकत

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात; सध्या कमरेतून वाकता येत नाही). तुझे गुडघे आणि भावोजींचा रक्तदाब आपापल्या जागी असतील अशी आशा करतो.

तक्रार अशी की या घरात मला कपडे वाळत घालायला दोरी उरलेली नाही. बाल्कनीभर तुझ्या भावजयीचे शर्यतींचे टी-शर्ट लटकत असतात आणि प्रत्येकाच्या छातीवर मला उद्देशून दटावणी असते: थांबू नकोस, हरू नकोस, ऊठ. माझे ऑफिसचे शर्ट न्हाणीघरात वाळतात, म्हणजे वाळत नाहीत. मी ओलसर अवस्थेत नोकरी करतो. सांगणार कोणाला? वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर धावतो, समोरची शिंपीण धावते, आमचे साहेब रविवारी धावतात आणि सोमवारी आम्हाला ते ऐकावं लागतं. एक शर्यत किडनीसाठी, एक झाडांसाठी, एक तर पाणी वाचवण्यासाठी झाली (तिथे माणशी चार बाटल्या वाटल्या).

पण लिहायला बसलोय ते तुझ्या अबोल्याबद्दल. गेल्या शर्यतीत पंचेचाळिशीपुढच्या बायकांत तुझी भावजय तिसरी आली आणि तू चौथी. तेव्हापासून तू तिच्याशी बोलत नाहीस.

तर ऐक. त्या पहाटे तू तुझ्या पिवळ्या टोपीवाल्या चमूबरोबर आमच्याकडून पुढे निघालीस. मागे हिने बुटाची नाडी बांधायला पाय वर घेतला आणि पोटरीत असा गोळा आला की पाय तसाच राहिला. पलंगावर पडल्यापडल्या म्हणाली, "नंबर वाया जायला नको. तुम्ही जा." आपल्या घरात उरलेलं काहीही टाकत नाहीत, तेव्हा मी गेलो. छातीवर हिचा नंबर, बुटाला हिची ती वेळ मोजणारी चकती. थोडं चालावं, नाश्त्याचं कूपन सत्कारणी लावावं आणि घरी यावं, एवढाच बेत. वाटेत स्वच्छतागृह शोधायला एका गल्लीत शिरलो, तो दुसऱ्या टोकाने थेट परतीच्या रस्त्यावर निघालो. अर्धी शर्यत मागेच राहिली. दोन्ही बाजूंनी लोक टाळ्या वाजवत "काका, सोडायचं नाही" म्हणत होते. थांबायची लाज वाटली. शेवटच्या पट्टीवर चकती वाजली आणि यंत्राने हिला तिसरी ठरवलं. (यंत्राला चकती कळते, मिशा कळत नाहीत.)

संध्याकाळी निकाल फोनवर आला. ही तुला खरं सांगणारच होती, पण तेवढ्यात तुझाच फोन: "काय गं, रस्त्यात कुठे दिसली नाहीस ती?" तुझा तो स्वर तुला ठाऊक आहे. ही म्हणाली, "दिसणार कशी ताई, मी पुढे होते ना." झालं. एका वाक्यात दोन घरांचं बोलणं बंद. मग पदक कुरिअरने आलं, टीव्हीच्या वर टांगलं गेलं, आणि आठवड्याभरात ही शिंपिणीला शेवटच्या चढावर दम कसा राखायचा ते समजावू लागली. मी पेपर तोंडासमोर धरून बसतो. त्या रस्त्यावर चढ नाही.

तुझा नंबर माझ्यामुळे गेला, तेव्हा हिच्यावरचा राग काढून माझ्यावर घे. इथे असल्या गोष्टींना भरपूर जागा आहे. आयोजकांना मी सगळं कळवलंय. ते म्हणाले, यादी आम्ही दुरुस्त करतो, पदकाचं तुमचं तुम्ही बघा. सोबतच्या डबीत ते आहे. तुझं आहे.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. मी हे लिहिलंय ते हिला कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. तिला फोन कर. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच. पोटरीचं मात्र विचारू नकोस, ते तुला माहीत नाही.

ता. क. तिसरा. डबीवरचा पत्ता हिच्या अक्षरात आहे हे तुझ्या लक्षात आलंच असेल. काल हिनेच पदक उतरवलं, उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलं आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "तुम्ही पाठवताय असं लिहा." तेव्हा, मी पाठवतोय.