राणीसरकारांचा हिवाळी मुक्काम

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. सुट्टी.
संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी राणीसरकार, म्हणजे माझी लाल, उघड्या टपाची गाडी, गॅरेजमध्ये विराजमान झाल्या. मुदत संपायच्या सहा तास पन्नास मिनिटं आधी. पाणीपुरवठा खात्याच्या नियोजन विभागात एकतीस वर्षं काढली आहेत, उगाच नाही.

मे महिन्यात गाडी घेतली तेव्हाच हंगामी नंबरप्लेट घेऊन टाकली. उजव्या कडेला वर ०४, खाली १०. एप्रिल ते ऑक्टोबर. उरलेले पाच महिने गाडी रस्त्यावर आणायची नाही, कडेला उभीसुद्धा करायची नाही. पण तेवढ्या महिन्यांचा कर नाही आणि विमाही नाही. शेजारचे कोल्टहोफ जन्मभर ट्रॅफिक पोलिसात होते, तरी बारा महिन्यांची प्लेट लावून फिरतात. एकेकाची समज.

आज केलेली कामं: धुणं, पॉलिश, टाकी फुल, टायरमध्ये जास्तीची हवा, उंदरांसाठी पुदिन्याच्या पिशव्या, वरून खास शिवून घेतलेली मऊ खोळ. बॅटरीचा चार्जर तेवढा राहिला. गॅरेजमध्ये सॉकेट एकच, त्यावर माझा बिअरचा फ्रिज. उद्या एक्स्टेंशन आणतो.

बायकोची, हाइडरुनची, करडी छोटी गाडी आता वसंतापर्यंत बाहेर अंगणात. ती म्हणाली, सवतीला छप्पर आणि मला बर्फ. मी जागच्या जागी शब्द दिला: रोज सकाळी सहाला उठून तिच्या काचेवरचा बर्फ मी खरवडणार. ती खूप वेळ हसत होती. आनंद झाला असावा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ६.४०.
काचांवर पहिलं दहिवर गोठलं. अलार्म सहाला झाला. मी जागाच होतो, म्हणजे हाइडरुन खाली काच खरवडत असल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तिला साडेसातला डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचायचं असतं, तिथलं रिसेप्शन ती सांभाळते. उद्यापासून अलार्म पावणेसहाला.

१९ नोव्हेंबर.
पावणेसहाचा अलार्म फार लवकर होतो. त्यामुळे पुन्हा झोप लागते. चूक वेळेची आहे, माणसाची नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार.
एक्स्टेंशन आणायला गेलो. दुकान रविवारी बंद. हे मला माहीत होतं, पण हेतू महत्त्वाचा.

७ डिसेंबर, रविवार.
मोठी बातमी. आमची विबके आणि तिचा टिल लग्न करताहेत. टाउन हॉलमध्ये २८ मार्चला, शनिवारी, सकाळी अकरा वाजता. टिल बरा मुलगा आहे. छतांची कामं करतो, कमी बोलतो.

केक खाता खाता विबके म्हणाली, "बाबा, मला तिथे तूच घेऊन जायचंस हं. आठवतंय ना?"

आठवतंय ना म्हणजे काय. ती सात वर्षांची होती. खडूनं एक लाल गाडी काढून आणली होती, चाकं चौकोनी. मी तिला मांडीवर घेऊन म्हटलं होतं की तुझ्या लग्नाला असल्या गाडीतून नेईन तुला. ते चित्र आजही माझ्या ऑफिसच्या खणात आहे. ही गाडी मी खरं तर त्या एका दिवसासाठी घेतली. कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहून ठेवतो.

हाइडरुननं विचारलं, मार्चमध्ये? मी म्हटलं, थंडी असली तर टप लावू. ती पुढे म्हणाली की त्या गाडीत दोनच जण बसतात. मी म्हटलं, बरोबर, विबके आणि मी. मग ती केकच्या बशा उचलून आत निघून गेली. मुलीच्या लग्नाच्या विचारानं आईचं मन भरून येतं.

११ जानेवारी, रविवार.
दुपारी तासभर राणीसरकारांत बसलो. खोळ फक्त ड्रायव्हरच्या बाजूनं उचलली. रेडिओवर छान संगीत चालू होतं. इंजिन चालू केलं नाही, त्यामुळे गाडीला झीज शून्य. टाउन हॉलच्या पायऱ्यांसमोर कुठल्या कोनात थांबायचं हे डोळे मिटून ठरवलं. दर रविवारी अशी उजळणी करायची.

१३ जानेवारी.
नाश्त्याला हाइडरुननं सहज विचारलं की तुझ्या त्या प्लेटवर महिने कुठले रे? मी अभिमानानं सांगितलं, एप्रिल ते ऑक्टोबर. ती "बरं" म्हणाली आणि पावाला लोणी लावू लागली. इतक्या वर्षांनी का होईना, तिला गाडीत रस वाटू लागला.

२५ जानेवारी, रविवार. दुपार.
काल ऑफिसची केलची सहल, म्हणजे थंडीत चालून शेवटी केल या पालेभाजीचं जेवण. दरवर्षीप्रमाणे हातगाडीवर श्नॅप्स दारूच्या बाटल्या, कडाक्याच्या थंडीत आठ किलोमीटर पायपीट, शेवटी केलची भाजी आणि सॉसेज. आज डोकं जड आहे आणि सर्दी झाली आहे. अशा प्रकृतीत पहाटे बर्फ खरवडणं डॉक्टरसुद्धा मना करतील. हाइडरुनला सांगितलं, डॉक्टरांना विचार. ती म्हणाली की विचारायला मी रोज जातेच, काच साफ करून.

एक्स्टेंशन आणली! पण ती सध्या बैठकीतल्या दिव्याला लावली आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार.
हाइडरुननं पांढरी रिबीन मागवली, चार मीटर. मी सांगितलं की राणीसरकारांच्या बॉनेटला तीन मीटर पुरे. ती म्हणाली, मला माहितेय कशाला किती लागते. नंतर खिडकीतून पाहिलं तर टेप घेऊन स्वतःच्या करड्या गाडीचं बॉनेट मोजत होती. बायकांना मापांचं गणित जमत नाही. मी मोठ्या मनानं गप्प बसलो.

८ मार्च, रविवार.
वीस दिवस उरले. उजळणी केली, दीड तास. रेडिओ थोडा खरखरतो, हवामानामुळे.
वसंत येतोय. म्हणजे काच खरवडायचा प्रश्न आपोआप सुटतोय. पुढच्या हिवाळ्यात पहिल्या दिवसापासून.

२७ मार्च, शुक्रवार. रात्री ९.
लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

आज लग्नाच्या आदल्या संध्याकाळचा कार्यक्रम, आमच्याच अंगणात. चाळीसेक माणसं. जो तो घरातल्या जुन्या बशा, कप, फुलदाण्या आणून दारात फोडत होता आणि विबके आणि टिल रिवाजाप्रमाणे खापऱ्या झाडत होते. सगळे रंगात आलेले. मला वाटलं, हीच वेळ. गॅरेजचं दार उघडलं, दिवा लावला आणि एका झटक्यात खोळ ओढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टिल चक्क बोलला, छान आहे म्हणाला.

कोल्टहोफ बिअरचा ग्लास घेऊन पुढे आले. गाडीभोवती एक फेरी मारली. मागे जाऊन वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"ओटमार," ते म्हणाले, "आज तारीख काय?"

मी म्हटलं, सत्तावीस.

"महिना?"

मग मीही वाकलो. वर ०४, खाली १०. पाच महिने ती प्लेट खोळीखाली होती, पण आकडे काही खोळीखाली नव्हते. मीच ते सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

कोल्टहोफ हळू आवाजात म्हणाले की मी निवृत्त आहे, उद्या सकाळी खिडकीत उभा राहणार नाही. पण विम्याशिवाय तू मुलीला गाडीत बसवणार का? नाही बसवणार. ते मलाही कळतं.

डोकं चालेना. विबके झाडू घेऊन उभी होती. तिच्याजवळ जाऊन विचारलं, लग्न बुधवारी नाही का जमणार? चारच दिवसांचा प्रश्न आहे. तिनं मनात हिशेब केला आणि म्हणाली, "बाबा, एक एप्रिलला?" सगळे खो खो हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतोय. मीही हसलो. दुसरं काय करणार.

स्वयंपाकघरात हाइडरुन एकटी भेटली. मी म्हटलं, तुला माहीत होतं. ती म्हणाली, डिसेंबरमध्ये विचारलं, जानेवारीत विचारलं, फेब्रुवारीत तुझ्या डोळ्यांदेखत बॉनेट मोजलं. यापुढे काय दवंडी पिटायची होती? मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला रडू आलं. तिनं कांदा पुढे सरकवला आणि म्हणाली, हा चिर, म्हणजे कुणी विचारणार नाही.

२८ मार्च, शनिवार. संध्याकाळ.
पहाटे साडेपाचला उठलो, अलार्मशिवाय. बाहेर दहिवर पडलं होतं. करड्या गाडीच्या काचा खरवडल्या, चारी बाजूंनी. वीस मिनिटं लागली आणि बोटं बधिर झाली. हे ती सगळा हिवाळा रोज करत होती. मी वर पांघरुणात पडून आवाज ऐकत होतो. मला लाज वाटली.

आत आलो तेव्हा हाइडरुन ड्रेसिंग गाउनमध्ये कॉफी घेऊन उभी होती. म्हणाली, निघायचंय साडेदहाला, तोवर उन्हानं वितळलंच असतं. पण कप माझ्या हातात दिला.

चार मीटर रिबीन बरोब्बर पुरली. विबके माझ्या शेजारी, हाइडरुन मागे, मांडीवर फुलं आणि विबकेचा कोट. लाल गाडी असती तर हाइडरुनला कोल्टहोफांबरोबर जावं लागलं असतं. मी याचा विचारच केला नव्हता. सिग्नलला थांबलो तेव्हा विबकेनं गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, चाकं गोल आहेत, माझ्या चित्रापेक्षा बरी.

पायऱ्यांसमोर ठरलेल्या कोनात थांबलो. लाल गाडी कुठे, असं कुणीही विचारलं नाही.

३० मार्च, सोमवार.
वाहन नोंदणी कार्यालयाला पत्र लिहायला घेतलं. तीन पानं झाली. मुद्दा एकच: जबाबदार नागरिकाची तयारी परिपूर्ण होती, पाच महिने निगा राखलेलं वाहन सुसज्ज उभं होतं, आणि केवळ चार दिवसांच्या ताठर नियमापायी एका बापाचं वीस वर्षांचं वचन हुकलं. भाषा कडक पण सभ्य. बुधवारी राणीसरकारांतूनच पोस्टात नेऊन टाकणार.

१ एप्रिल, बुधवार. सकाळी ८.
रजा घेतली. ऊन लख्ख. हंगाम कायदेशीररीत्या सुरू. गॅरेजचं दार उघडलं, पत्र शेजारच्या सीटवर ठेवलं, किल्ली फिरवली.
टक्.
पुन्हा फिरवली. आता टक् पण नाही.

८.२०
फ्रिजमधली बिअर मात्र उत्तम गार आहे.

८.३०
हाइडरुननं आज सुट्टी घेतली आहे. तिनं करडी गाडी पुढे आणून नाकाला नाक लावून उभी केली. मी म्हटलं, बॅटरी जोडायच्या केबल्स माझ्याकडे नाहीत. ती म्हणाली, माझ्या डिकीत आहेत. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, तू एक्स्टेंशन आणायला रविवारी गेलास ना, तेव्हापासून.

तिनंच केबल्स जोडल्या. मग तिचं लक्ष सीटवरच्या पाकिटाकडे गेलं. तिनं उभ्या उभ्या तिन्ही पानं वाचली.

"म्हणजे शनिवारी प्लेट बरोबर असती," ती म्हणाली, "तरीसुद्धा..."

तिनं पत्राची घडी घालून माझ्या खिशात ठेवली, करड्या गाडीत जाऊन बसली आणि म्हणाली, फिरव आता किल्ली.